शब्द पाळणाऱ्यालाच कागद हवा

लहान ठेकेदारांच्या बैठकीत कराराचा विषय निघाला की एक ठराविक उत्तर येतं. ‘आपला धंदा शब्दावर चालतो. कागद पुढे केला की मालक बिथरतो. म्हणतो, आमच्यावर विश्वास नाही का? आणि काम दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.’ मग त्याला जोडून बाकीचे मुद्दे येतात. करार म्हणजे वकिलांची भर. एवढ्याशा कामाला तो परवडत नाही. तोंडी व्यवहारही कायद्याने चालतो. आणि कागद असूनही कोर्टात वर्षानुवर्षं जाणार असतील, तर तो करून मिळवायचं काय? असं म्हणणारी माणसं अडाणी नाहीत, लबाड तर नाहीतच. तालुक्याच्या गावात आयुष्यभर घरं उभी केलेली, स्लॅबच्या रात्री स्वतः जागलेली, दिलेल्या शब्दाला जागणारी ही माणसं आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं मनावर घ्यायला हवं, आणि ते चुकीचं आहे हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. या चुकीची किंमत दुसरं कोणी मोजत नाही, तेच मोजतात.

आधी विश्वासाचा हिशेब करू. मालासकट घेतलेल्या कामात सिमेंट आणि सळई ठेकेदाराच्या नावावर उधारीने येते. सेंटरिंगवाले, गवंडी, बिगारी यांना बाजारच्या दिवशी पगार रोख द्यावा लागतो. मालकाचा हप्ता येतो तो स्लॅब पडल्यावर. घर कर्जावर असेल तर बँकेने टप्पा सोडल्यावर. म्हणजे जोत्यापासून रंगापर्यंत जवळजवळ प्रत्येक आठवड्याला ठेकेदाराचे पैसे दुसऱ्याच्या जमिनीत अडकलेले असतात, आणि एकदा काँक्रीट ओतलं की ते काढून नेता येत नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने शिंप्याची मात्र काळजी घेतली आहे. कापड घेऊन कोट शिवला आणि शिलाई मिळाली नाही, तर ती मिळेपर्यंत कोट अडवून ठेवायचा हक्क कलम १७० त्याला देतं. घर बांधणाऱ्याला असं काही करता येत नाही. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये बिल थकलं तर बांधकाम करणाऱ्याला त्या मिळकतीवरच बोजा नोंदवता येतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही. कुलूप लावून चावी खिशात घातली, तर उलट पोलिसांत तक्रार होते.

तेव्हा या व्यवहारात उधार देणारा ठेकेदार असतो आणि घेणारा मालक. पतसंस्था वीस हजारांच्या कर्जालाही दोन जामीनदार आणि चार ठिकाणी सह्या मागते, त्यावर कर्जदार रुसत नाही. मग लाखोंची उधारी देणाऱ्याने एक सही मागितली तर त्यात मालकाचा अपमान कुठे होतो? ज्याला तो अपमान वाटतो आणि जो त्यासाठी काम दुसऱ्याला देतो, त्याचं काम हातून गेलं याचं दुःख करू नये.

‘पण आमचे मालक सज्जन असतात,’ हा पुढचा मुद्दा. असतात. बांधकामातली बहुतेक भांडणं सज्जन माणसांमध्येच होतात, कारण ती लबाडीतून निघत नाहीत. दोघांनी मनात वेगवेगळं धरलेलं असतं आणि ते कोणी बोललेलंच नसतं, त्यातून ती निघतात. ‘चौरस फुटाला अमुक’ एवढं ठरतं आणि हातात हात दिला जातो. पण कोणता चौरस फूट? बाहेर काढलेली बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी? जिन्याची जागा दोन्ही मजल्यांवर मोजायची का? गच्चीवरची जिन्याची खोली, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंडची भिंत दरात आहे की बाहेर? मालक मनात म्हणतो, घर म्हणजे सगळं आलं. ठेकेदार मनात म्हणतो, स्लॅबखालचं तेवढं. दोघंही प्रामाणिक असतात आणि शेवटच्या बिलाच्या दिवशी दोघांनाही समोरचा चोर वाटू लागतो.

गिलाव्याचं घ्या. आतल्या भिंतीत ३ बाय ७ फुटांचा दरवाजा आहे, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा आहे. मोजमापातून दरवाज्याचं क्षेत्र वजा करायचं ते एका बाजूचं की दोन्ही बाजूंचं? मालकाला वाटतं, जिथे गिलावा नाही तिथले पैसे का द्यायचे, दोन्ही बाजू वजा. गवंडी म्हणतो, चौकटीच्या कडा, कोपरे, धार काढणं हे काम फुकटात करायचं का? याचं उत्तर आयएस १२०० या बांधकाम मोजमापाच्या भारतीय मानकात कधीचं दिलेलं आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागासाठी काहीच वजावट नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखा गिलावा असेल तर फक्त एका बाजूची वजावट, आणि मग कडांचे वेगळे पैसे नाहीत. तीन चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजू वजा, पण कडा मोजून त्यांचे पैसे द्यायचे. आपला दरवाजा २१ चौरस फुटांचा, म्हणजे दोन चौरस मीटरच्या आत. एकच बाजू वजा होते. दुकानाचं ८ बाय ८ फुटांचं शटर असेल तर ते सहा चौरस मीटरच्या आसपास जातं आणि नियम बदलतो. असे दहा दरवाजे धरले तर दोन समजुतींमधला फरक २१० चौरस फुटांचा होतो. ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे’ या चार शब्दांनी हा वाद संपतो. हे चार शब्द लिहायला वकील लागत नाही.

जादा कामाची गोष्ट याहून वाईट. मालकाचे मेहुणे येतात आणि स्वयंपाकघरात लॉफ्ट हवा म्हणतात. वहिनींना बाथरूमच्या टाईल्स छतापर्यंत हव्या असतात. विजेचे पॉइंट दोनाचे पाच होतात. ओट्याला साध्या कडप्प्याऐवजी ग्रॅनाइट येतो. प्रत्येक वेळी साइटवर उभ्या उभ्या एकच वाक्य बोललं जातं: ‘करून टाका हो, बघू नंतर.’ ठेकेदारालाही त्या क्षणी पैशाचं बोलणं जड जातं. समजा ३० लाखांचं काम आहे आणि त्यात त्याला खर्च जाता १० टक्के, म्हणजे ३ लाख सुटणार आहेत. अशा दहा-बारा ‘बघू नंतर’ची बेरीज दोन लाखांवर गेली आणि ती हिशेबात आलीच नाही, तर आठ-दहा महिन्यांच्या मेहनतीतून त्याच्या घरी लाखच जातो. आणि मालकाने त्याला फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण मालकाला ते आठवतच नाही. त्याच्या डोक्यात एकच आकडा पक्का बसलेला असतो: तीस लाख.

आता कायद्याच्या मुद्द्याकडे. तोंडी करार वैध असतो, हे म्हणणं बरोबर आहे. करार कायद्याचं कलम १० लेखी कराराची सक्ती करत नाही. इतकंच काय, करारच नसला तरी एक दार उघडं राहतं. कलम ७० सांगतं की एखाद्याने फुकट करण्याचा हेतू न ठेवता, कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यायला हवी. कागद नको म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम आधार आहे. पण या कलमावरचा जो निकाल देशभर दाखला म्हणून दिला जातो, तो मुळातून पाहिला तर तो त्यांच्याच विरुद्ध बोलतो.

१९४४ साली बंगालमध्ये बी. के. मोंडल अँड सन्स या ठेकेदार पेढीने हुगळी जिल्ह्यातल्या आरामबाग इथे नागरी पुरवठा खात्यासाठी बांधकामं केली: कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कचेरी, स्वयंपाकघर, कारकुनांची खोली आणि साठ्याच्या शेड. अधिकाऱ्यांनी सांगितलं, पेढीने बांधलं, सरकारने वापरलं. पैशाची वेळ आली तेव्हा सरकारने सांगितलं की भारत सरकार कायदा १९३५ ला हवा तसा करारच झालेला नाही. रक्कम होती १९ हजारांच्या आसपास. उच्च न्यायालयात पेढी जिंकली, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तिथे डिसेंबर १९६१ मध्ये कलम ७० च्या आधारे पेढीचा हक्क कायम झाला. काम १९४४ चं, अंतिम निकाल १९६१ चा. सतरा वर्षं! या काळात देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या आणि तिसरी तोंडावर आली. वकिलांच्या पुस्तकात हा विजय आहे. पण सळईच्या दुकानदाराची उधारी डोक्यावर असलेल्या माणसाने याला आधार मानावा का?

शिवाय कलम ७० करारातला दर मिळवून देत नाही, वाजवी मोबदला देतं. काम केलं, ते फुकट केलं नव्हतं, समोरच्याने ते स्वीकारलं, या साऱ्याचा पुरावा ठेकेदारालाच द्यावा लागतो. आणि मुदत निघून जाते ती वेगळीच. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर काम झाल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा दाखल व्हायला हवा, असं १९६३ चा मुदत कायदा सांगतो. ‘दिवाळीनंतर बघू’ असं म्हणत तीन दिवाळ्या सहज जातात. मुदत संपण्याआधी मालकाने ‘तुमचं इतकं देणं आहे’ असं लिहून सही केली, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. तोंडी कबुलीने ती सुरू होत नाहीत. म्हणजे जो कागद सुरुवातीला नको म्हणून टाळला, त्याच्याच शोधात शेवटी फिरावं लागतं. फक्त तोवर मालकाची सही करायची इच्छा संपलेली असते.

व्याजाचंही तेच. १९७८ च्या व्याज कायद्यानुसार देण्याची तारीख लेखी दस्तातून ठरत असेल, तर त्या तारखेपासून व्याज मागता येतं. तसं नसेल, तर व्याज मागणारी लेखी नोटीस दिल्यापासून. ज्याने काहीच लिहिलं नाही आणि नोटीसही दिली नाही, तो दुकानदाराला व्याज भरत राहतो आणि स्वतःला मात्र दावा लावेपर्यंत काही मागता येत नाही.

‘कोर्टात जाऊन मिळतं काय?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्यामागचा राग समजण्यासारखा आहे. दिवाणी दावे रखडतात. पण रखडपट्टी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ मध्ये संक्षिप्त दाव्याची सोय आहे: रक्कम निश्चित असेल आणि ती लेखी करारातून निघत असेल, तर प्रतिवादीला दहा दिवसांत हजर व्हावं लागतं आणि पुढे बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. ती आपोआप मिळत नाही. लेखी करार आणि मालकाने सही केलेलं बिल हातात असेल तरच या वाटेला जाता येतं. लवादाची वाटही तशीच. १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ७ लवादाचा करार लेखीच हवा म्हणतं. म्हणजे जवळच्या दोन्ही वाटा कागदवाल्यांसाठी आहेत आणि लांबचा, खडकाळ रस्ता कागद नसलेल्यांसाठी. कोर्ट लांब पडतं म्हणून कागद नको, हे म्हणणं त्यामुळे उलटं आहे. कोर्ट लांब पडतं म्हणूनच तो हवा.

यात आणखी एक असमतोल आहे, ज्याकडे ठेकेदारांचं लक्ष फारसं जात नाही. घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा मानली जाते. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आणि २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ते कायम आहे. भिंतीला तडा गेला, गच्ची गळली, काम अर्धवट राहिलं, तर मालक ग्राहक आयोगात जाऊ शकतो. तिथे शुल्क कमी, वकील न देताही बाजू मांडता येते. तो हक्क त्याला असायलाच हवा. पण मालकाने बिल बुडवलं तर ठेकेदाराला ते दार बंद आहे, कारण तो ग्राहक नाही. आणि मालकाने तक्रार केली तर ठरलं काय होतं, कोणत्या प्रतीचा माल ठरला होता, वॉटरप्रूफिंग कामात होतं की नव्हतं, हे ठेकेदार सांगणार कशाच्या जोरावर? लेखी काही नसेल तर मालकाची आठवण आणि ठेकेदाराची आठवण समोरासमोर उभ्या राहतात, आणि गळणारी गच्ची मालकाच्या बाजूने बोलते.

उशीर हा तक्रारीचा दुसरा मोठा विषय. यात १८७२ चा कायदा बांधकाम करणाऱ्याच्या बाजूने किती नीट विचार करतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कलम ६७ खाली दिलेलं उदाहरण घरदुरुस्तीचं आहे: घर दुरुस्त करायचं ठरलं, पण कुठे कुठे दुरुस्ती हवी हे मालकाने दाखवलंच नाही, तर त्यापायी काम न झाल्याचा दोष दुरुस्ती करणाऱ्यावर येत नाही. आजच्या साइटवर हे रोज घडतं. टाईल्स निवडायला मालकाला पाच आठवडे लागतात, आर्किटेक्टचं सुधारित ड्रॉइंग येत नाही, विजेचं मीटर बसत नाही, बँकेचा हप्ता अडकतो. पण मालकामुळे काम थांबलं होतं हे दाखवणार कसं? ‘दिनांक अमुक, टाईल्सची निवड न मिळाल्याने फरशीचं काम थांबलं आहे’ अशी एक ओळ मालकाला दिलेली असेल तर कलम ६७ ठेकेदाराचं. नसेल तर ते पुस्तकातच राहतं. कलम ५५ तर दोघांनाही बांधतं: वेळ महत्त्वाची ठरली असताना उशिरा झालेलं काम स्वीकारलं आणि स्वीकारताना नुकसानभरपाईची नोटीस दिली नाही, तर मागाहून उशिराची भरपाई मागता येत नाही.

‘लेखी करार केला तर त्यात रोजच्या दंडाचं कलम येतं आणि आम्ही अडकतो,’ असंही काही जण म्हणतात. हा भीतीचा मुद्दा आहे आणि त्याचं उत्तर १९६३ पासून छापलेलं आहे. फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ७४ चा अर्थ लावला: करारात दंड म्हणून कितीही आकडा लिहिला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेला आकडा ही त्याची वरची मर्यादा असते. नुकसान झालंच नसेल तर नुसत्या कलमावर पैसे उकळता येत नाहीत, हे २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्सच्या निकालातही पुन्हा सांगितलं गेलं. लिहून न देणारा मात्र ही वरची मर्यादाही गमावतो.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. कागदाचा वाईट अनुभव ठेकेदारांना आलेला आहे, आणि तो खोटा नाही. त्यांच्यापुढे आजवर आलेला कागद बहुतेक वेळा दुसऱ्याने छापलेला होता. विकासकाची वर्क ऑर्डर असो, सरकारी खात्याचं टेंडर असो, सगळी कलमं एका बाजूला झुकलेली. दर वाढणार नाहीत, बिल वरून पैसे आल्यावर मिळेल, वाद झाला तर त्यांच्याच अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम. अशा कागदावर सही करून पोळलेला माणूस कागदालाच भिऊ लागतो. पण त्यावरचा उपाय कागद सोडून देणं हा नाही, तो बदलून घेणं हा आहे, आणि न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत या झुकलेल्या कलमांना चांगलाच लगाम घातला आहे. लवादाकडे जायचं तर मागणीच्या दहा टक्के रक्कम आधी भरा, असं कलम पंजाबातल्या एका पाणीपुरवठा मंडळाच्या टेंडरमध्ये होतं. आयकॉम टेली कंपनी त्याविरुद्ध लढली आणि मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. सरकारी ठेक्यात एकाच पक्षाने आपल्या मर्जीने लवाद नेमावा, ही पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समानतेच्या तत्त्वात न बसणारी ठरवली. शेवटचं बिल हवं तर ‘आता काही मागणी नाही’ असं आधी लिहून द्या, असा दबाव टाकून घेतलेली सही दावा संपवत नाही, हे २००८ च्या बोघारा पॉलिफॅबच्या निकालात आलं. हे सगळे निकाल लढणाऱ्यांनी मिळवले, आणि ते लढू शकले कारण त्यांच्या हातात करार होता.

सरकारी कामातली थकबाकी हा मात्र वेगळा, अधिक दुखरा विषय आहे. शंभर-शंभर पानांचे करार असूनही बिलं मिळत नाहीत म्हणून २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या ठेकेदार संघटनांना काम थांबवण्याचे इशारे द्यावे लागले, रस्त्यावर उतरावं लागलं. ‘बघा, कागद असूनही काय झालं?’ असं त्यावर विचारलं जातं. तिजोरीत पैसा नसेल तर तो कागदाने निर्माण होत नाही, हे खरं. पण त्याच रांगेतल्या पोटठेकेदाराकडे पाहा. मूळ ठेका एकाच्या नावावर, प्रत्यक्ष चर खणून पाइप टाकणारा दुसराच, आणि दोघांमध्ये फोनवरचं बोलणं. मूळ ठेकेदाराचं बिल उद्या निघालं तर निदान त्याचं नाव खात्याच्या वहीत आहे. याचं नाव कुठेच नाही. खात्यासाठी तो अस्तित्वातच नसतो, आणि मूळ ठेकेदाराने हात वर केले तर याच्याजवळ डिझेलच्या पावत्या आणि मजुरांची हजेरी यापलीकडे काही उरत नाही. या क्षेत्रात कागदावाचून सर्वात जास्त मार खाणारा माणूस हाच आहे, आणि ‘शब्दावर धंदा’ हे तत्त्व त्याला सर्वात जास्त ऐकवलं जातं. ऐकवणारे मात्र स्वतःचा खात्याशी झालेला करार कपाटात जपून ठेवतात.

राहिला व्हॉट्सॲपचा मुद्दा. ‘सगळं मेसेजमध्ये आहे,’ असं तरुण ठेकेदार म्हणतात. मेसेज काहीच नसण्यापेक्षा नक्कीच बरा. पण इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात न्यायचा तर प्रमाणपत्र लागतं, आणि या नियमाचा देशभर लागू झालेला निकाल महाराष्ट्रातूनच गेला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का, या वादात निवडणूक कार्यालयाच्या चित्रफिती पुरावा म्हणून आल्या. त्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल प्रकरणात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची अट आहे. आता ठेकेदाराने स्वतःला विचारावं: तीन वर्षांपूर्वीचा तो फोन कुठे आहे? पाण्यात पडला, मुलाला दिला की बदलून टाकला? त्या संभाषणात ‘ओके’च्या आधी नेमकं काय आलं होतं, लॉफ्टचा फोटो की लॉफ्टचा दर? मेसेज जरूर करावा, पण तो चिठ्ठीवरच्या सहीच्या जोडीला. सहीऐवजी नव्हे.

खर्चाचा मुद्दा त्यामानाने किरकोळ आहे. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात पूर्वीच्या शंभरच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागू लागला; मोठ्या रकमेच्या ठेक्याला त्याहून जास्त लागतो. मुद्रांक कमी पडला तर दस्त पुराव्यात घेण्याआधी शुल्क आणि दंड भरून घेतला जातो, पण दस्त रद्द होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानेही मुद्रांकाची उणीव भरून काढता येते असंच सांगितलं. तेव्हा साध्या कागदावर केलेलं लिखाणही टाकाऊ समजू नये, आणि तीस लाखांच्या कामात मुद्रांक वाचवण्यासाठी लिखाणच टाळू नये.

प्रत्यक्षात लागणारा कागद फार मोठा नसतो. मराठीत लिहिलेली दोन पानं: कामाची व्याप्ती, त्यात काय नाही, दर, मोजमापाची पद्धत, कोणत्या टप्प्याला किती दिवसांत किती पैसे, सिमेंट-सळईचा भाव अमुकच्या वर गेला तर फरक कोणी सोसायचा. मे २०२२ मध्ये केंद्राला पोलादावर निर्यातशुल्क लावावं लागलं, इतके भाव चढले होते. त्या काळात ठोक दराने काम घेतलेल्यांना ही शेवटची ओळ किती मोलाची असते हे सांगायला नको. पण करारापेक्षाही महत्त्वाची आहे ती साइटवरची वही. जादा कामाची चिठ्ठी काम सुरू होण्याआधी, दर लिहून, मालकाच्या सहीने. झाकलं जाणारं काम, म्हणजे पाया, सळई, पाइप, झाकण्याआधी दोघांनी मिळून मोजलेलं. थांबलेल्या कामाची तारीखवार नोंद. आणि प्रत्येक हप्त्याला ‘पैकी’ किती आणि बाकी किती, हे लिहून दोघांच्या सह्या. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन त्या कागदावर चढवून घ्यावं, कारण एकदा अटी लेखी झाल्या की त्याविरुद्धची तोंडी बोलणी न्यायालय सहसा ऐकत नाही. चांगल्या मालकालाही ही वही हवीच असते. घर बांधताना त्याची झोप ठेकेदाराइतकीच उडालेली असते.

सदनिका विकणाऱ्या विकासकाला ग्राहकाकडून दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी लेखी, नोंदणीकृत करार करावा लागतो, आणि त्या कराराचा नमुना रेराच्या नियमांनी घालून दिलेला आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधून घेणारा मालक आणि त्याचा ठेकेदार यांच्यासाठी असा नमुना नाही. तो करायला सरकारची वाट पाहायची गरज नाही. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही ठेकेदारांची संघटना १९४१ पासून आहे आणि महाराष्ट्रातल्या शहरांत तिची केंद्रं आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत ठेकेदारांच्या, अभियंत्यांच्या, आर्किटेक्टच्या संघटना आहेत. मोठ्या टेंडरांच्या अटींवर भांडणाऱ्या या संघटनांनी दोन पानांचा एक मराठी नमुना, आयएस १२०० चे नियम फुटांत मांडलेला, तालुक्याच्या ठेकेदाराच्या हातात द्यावा. नकाशा काढून देणाऱ्या अभियंत्याने तो नकाशासोबतच मालकाला द्यावा, म्हणजे ‘विश्वास नाही का’ हा प्रश्न ठेकेदाराला ऐकावा लागणार नाही.

तो नमुना येईपर्यंत थांबू मात्र नये. ज्या ठेकेदाराचं काम आज चालू आहे, त्याने मालकाने तोंडी सांगितलेल्या प्रत्येक जादा कामाची तारीख आणि दरासह यादी याच आठवड्यात लिहून काढावी, मालकासमोर बसून ती वाचावी आणि खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.